मोजले म्हणजे नेमके काय झाले?

वाचकहो, कापडाच्या दुकानात दुकानदार ठाणातून कापड ओढतो, मीटरपट्टी लावतो आणि 'अडीच मीटर भरले' असे सांगतो. पट्टी लावण्यापूर्वी ते कापड अडीच मीटर होते की नव्हते, असे आपण त्याला विचारीत नाही. विचारले तर तो आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील. मुलाच्या काखेत थर्मामीटर लावणारी आईसुद्धा असेच धरून चालते की ताप अंगात आधीपासून आहे, थर्मामीटर तो फक्त सांगणार आहे. मोजणे म्हणजे जे आहे ते जाणून घेणे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. न्यूटनपासून सुमारे अडीचशे वर्षे पदार्थविज्ञानशास्त्राचीही हीच समजूत होती.

सन १९२५ ते १९२७ या अवघ्या दोन वर्षांत युरोपातील मूठभर तरुणांनी जे नवे शास्त्र उभे केले, त्याने या समजुतीला सुरुंग लावला. त्या शास्त्राला आपल्याकडे पुंजयामिकी म्हणतात. क्वांटम मेकॅनिक्स हे त्याचे सर्वांच्या तोंडी असलेले नाव. ट्रान्झिस्टर, लेसर, संगणकातील चिप ही सारी त्याचीच फळे होत. या शास्त्राने केलेली आकडेमोड प्रयोगात कधी चुकलेली आढळली नाही. असे असूनही 'अणूवर मोजमाप केले तेव्हा नेमके काय घडले?' या साध्या प्रश्नाला शंभर वर्षांत सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही. अधिक नवलाची गोष्ट अशी की हे शास्त्र तीन-चार निरनिराळ्या रीतींनी मांडता येते, सर्व रीतींतून उत्तराचे आकडे एकच येतात, आणि तरीही या एका प्रश्नापाशी प्रत्येक रीत वेगळी वाट धरते. या प्रश्नाचा इतिहास पुढे सांगितला आहे. त्यात तीस वर्षे सर्वांनी मानलेली एक सिद्धता आहे, आणि त्या सिद्धतेतील भोक तीनच वर्षांत दाखवून देणारी एक स्त्रीही आहे. विद्यार्थ्यांनी तेवढा भाग सावकाश वाचावा.

आधी एक प्रयोग ध्यानात घेऊ, कारण पुढे प्रत्येक मताला आपण याच प्रयोगाविषयी जाब विचारणार आहोत. १९२२ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख या दोघांनी भट्टीत चांदी तापवून तिची वाफ केली, बारीक फटींतून चांदीच्या अणूंचा एक झोत काढला आणि तो एका विशिष्ट आकाराच्या लोहचुंबकाच्या दोन टोकांमधून जाऊ दिला. पलीकडे काचेची पट्टी होती, तिच्यावर अणू जाऊन बसत. चांदीचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला लोहचुंबकच असतो. भट्टीतून निघताना त्यांची तोंडे वाटेल त्या दिशेला असणार. तेव्हा कोणी जास्त वर ढळेल, कोणी थोडा, कोणी मुळीच नाही, आणि काचेवर एक सलग पट्टा उमटेल, असे जुन्या हिशेबाने व्हायला हवे होते. प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या रेघा उमटल्या. जणू प्रत्येक अणूला 'वर' आणि 'खाली' ही दोनच उत्तरे ठाऊक होती! (चांदीचा थर प्रथम इतका विरळ होता की डोळ्यांना दिसेना. स्टर्न यांना स्वस्तातल्या चिरुटांची सवय होती. त्या चिरुटांतील गंधकाने भरलेला श्वास काचेवर पडला आणि चांदी काळी होऊन रेघा दिसू लागल्या, असे ते स्वतःच पुढे सांगत असत.)

आता हाच प्रयोग लांबवू. 'वर' गेलेले अणू तेवढे घ्यावेत आणि ते आडव्या ठेवलेल्या दुसऱ्या चुंबकातून सोडावेत. निम्मे उजवीकडे जातात, निम्मे डावीकडे. इथवर ठीक. आता उजवीकडे गेलेलेच अणू घेऊन पुन्हा उभ्या चुंबकातून सोडावेत. आपण म्हणू, हे तर आधीच 'वर' ठरलेले अणू, सगळे वरच जातील. तसे होत नाही. निम्मे खाली जातात! सुपात गहू घेऊन खडे वेचून काढले, मग स्वच्छ गव्हातून टपोरे दाणे निवडले, आणि ते टपोरे दाणे पुन्हा पाहिले तो त्यात निम्मे खडे, असा हा प्रकार आहे. मधल्या चुंबकाने आधीचे उत्तर पुसून टाकले. मग त्याने अणूचे उजवे-डावेपण पाहिले म्हणायचे, की ते निर्माण केले म्हणायचे?

पहिली रीत व्हेर्नर हायझेनबर्ग यांची. १९२५ च्या जून महिन्यात परागकणांच्या त्रासाने हैराण झालेला हा तेवीस वर्षांचा तरुण उत्तर समुद्रातील हेल्गोलांड नावाच्या खडकाळ बेटावर जाऊन राहिला आणि तेथे त्याला वाट सापडली. अणूतील इलेक्ट्रॉन कोणत्या कक्षेत फिरतो हे कोणी पाहिले नाही, मग कक्षेची गोष्टच कशाला बोलायची? जे मोजता येते, म्हणजे अणूतून निघणाऱ्या प्रकाशाचे रंग आणि त्यांची तीव्रता, तेवढ्याचेच कोष्टक मांडावे. या कोष्टकांचा गुणाकार करताना त्याला आढळले की क आणि ख यांचा गुणाकार ख आणि क यांच्या गुणाकाराइतका येत नाही. त्याचे गुरू मॅक्स बॉर्न यांनी ओळखले की गणितात यांना मॅट्रिक्स म्हणतात. चुंबक आधी उभा आणि मग आडवा, की आधी आडवा आणि मग उभा, याने फरक का पडतो ते येथे गणितातच दिसते. पण चुंबकातून जाताना अणूचे काय झाले? या रीतीत तो प्रश्नच बसत नाही. 'वर' आणि 'खाली' ही शक्य असलेली उत्तरे कोष्टकातून निघतात. त्या दोन उत्तरांच्या मागे काय दडले आहे, याविषयी कोष्टक मुके आहे.

सहाच महिन्यांनी एर्विन श्रोडिंजर यांनी झुरिक येथून दुसरी रीत पुढे आणली. हे हायझेनबर्गपेक्षा चौदा वर्षांनी वडील, आणि डोळ्यांपुढे चित्र उभे राहिल्याशिवाय समाधान न होणारे. त्यांच्या मते इलेक्ट्रॉन म्हणजे लहर. तलावातल्या लाटेसारखी ती सलगपणे पसरते आणि तिचे एक समीकरण आहे. दोन्ही रीतींतून आकडे एकच येतात हेही १९२६ सालीच त्यांनी दाखवून दिले. सर्वांना हायसे वाटले, कारण लहरीचे गणित प्राध्यापकांच्या ओळखीचे होते. परंतु लहर पसरते आणि काचेवर मात्र ठिपका पडतो! पसरलेल्या लहरीचे ठिपक्यात रूपांतर कसे व्हावे? बॉर्न यांनी त्याच वर्षी तोड काढली. लहर म्हणजे पदार्थ नव्हे. तिच्या उंचीचा वर्ग केला म्हणजे ठिपका तेथे पडण्याची शक्यता किती ते कळते. वर्ग करायचा ही गोष्ट त्यांनी लेख छपाईला गेल्यावर मुद्रिते तपासताना तळटीपेत घातली. या कामगिरीबद्दल पुढे, १९५४ साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९२३ साली डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत हायझेनबर्ग यांना सूक्ष्मदर्शकाची बारकावे दाखविण्याची मर्यादा कशी ठरते, असा साधा प्रश्न विचारण्यात आला. उत्तर आले नाही. ते कसेबसे उत्तीर्ण झाले. चार वर्षांनी त्यांनी आपले प्रसिद्ध अनिश्चिततेचे तत्त्व मांडले आणि ते समजावून देण्यासाठी उदाहरण घेतले ते सूक्ष्मदर्शकाचेच: इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्यावर प्रकाश पाडला पाहिजे, आणि प्रकाशाच्या धक्क्याने तो हलतो. त्यांचे वडीलधारे मार्गदर्शक नील्स बोर यांनी तपासले तो सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाचा हिशेब पुन्हा चुकलेला!

बोर यांचे म्हणणे धक्क्याच्या पलीकडचे होते. अणू आणि उपकरण मिळून एक अखंड प्रयोग होतो. उभा चुंबक लावला तर 'वर-खाली' या शब्दांना अर्थ आहे, आडवा लावला तर 'उजवे-डावे' यांना. चुंबक लावलाच नाही तर अणू कसा होता, हा प्रश्न बोर यांच्या मते व्याकरणाने बरोबर पण अर्थाने पोकळ. यात खोल विचार आहे यात शंका नाही. पण बोर यांची भाषा इतकी गुंतागुंतीची की त्यांना काय म्हणायचे आहे यावर त्यांच्या शिष्यांतच एकमत नव्हते. त्यांच्या कोपनहेगन शहरावरून या मताला नाव पडले आणि तेच राजमान्य झाले.

राजमान्य होण्याचे एक कारण ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेली पाचवी सॉल्वे परिषद. तेथे लुई द ब्रॉली यांनी वेगळेच सुचविले. लहर आणि कण यांपैकी एक का निवडा? दोन्ही असावीत, लहर वाट दाखवील आणि कण त्या वाटेने जाईल. पाउली यांनी त्यावर कडक हरकत घेतली, फारसे कोणी पाठीशी उभे राहिले नाही आणि लवकरच खुद्द द ब्रॉली यांनीच ती कल्पना सोडून दिली.

आता आपल्या गोष्टीच्या मर्माशी येऊ. जॉन फॉन नॉयमन हे हंगेरीत जन्मलेले गणिती म्हणजे असामान्य बुद्धीचा माणूस. १९३२ साली, तिशीच्या आतच, त्यांनी पुंजयामिकीच्या गणिती पायावर जो ग्रंथ लिहिला तो आजही प्रमाण मानतात. बोर यांनी जे शब्दांत धूसर ठेवले होते ते नॉयमन यांनी उघड केले. त्यांनी सांगितले की या शास्त्रात बदल दोन प्रकारचे आहेत. एक श्रोडिंजर यांच्या समीकरणाप्रमाणे होणारा, सलग आणि ठरलेला. दुसरा मोजमापाच्या वेळी होणारा, एकदम आणि नशिबावर सोपविलेला; त्यात लहरीचा एक भाग उरतो आणि बाकीचा नाहीसा होतो. आपल्या चांदीच्या अणूची लहर दोन्ही वाटांनी गेली. काचेवर वर ठिपका दिसला, त्या क्षणी खालची लहर संपली.

पण दुसऱ्या प्रकारचा बदल नेमका कोठे होतो? नॉयमन यांनी थर्मामीटरचेच उदाहरण घेतले. पाण्याचे तपमान पाऱ्याने मोजले म्हणा, किंवा पाराही मोजल्या जाणाऱ्या वस्तूत धरा आणि मोजणारा म्हणजे डोळा म्हणा, किंवा डोळ्यातील पडदाही वस्तूत धरा आणि मोजणारा म्हणजे मेंदू म्हणा. रेघ कोठेही मारली तरी उत्तर तेच. गणिताच्या दृष्टीने हे सोयीचे खरे. पण वाचकहो, रेघ कोठेही मारता येते याचा अर्थ ती निसर्गात कोठे आहे हे शास्त्राला ठाऊक नाही, असाच होत नाही काय?

याच ग्रंथात नॉयमन यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केल्याचे मानले गेले. अणूच्या पोटात काही लपलेल्या गोष्टी असतील, त्या कळल्या तर तो वर जाईल की खाली हे आधीच सांगता येईल, अशी आशा आइन्स्टाइन यांच्यासारख्यांना होती. अशा लपलेल्या गोष्टी असूच शकत नाहीत, ही ती सिद्धता. झाले! नॉयमन यांनी गणिताने सिद्ध केले आहे, आता वाद कसला? पुढील तीस वर्षे कोणी तरुणाने शंका काढली की त्याला या सिद्धतेकडे बोट दाखविण्यात येई. सिद्धता स्वतः वाचून तपासणारे फार थोडे असावेत. ग्रंथ मूळ जर्मनमध्ये, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९५५ साली निघाले.

तपासली ती ग्रेटे हेरमान यांनी. जन्म १९०१, गाव ब्रेमेन. एमी नोएथर या थोर गणिती स्त्रीच्या हाताखाली ग्योटिंगेन येथे त्यांनी १९२५ साली डॉक्टरेट मिळविली आणि मग त्या तत्त्वज्ञानाकडे वळल्या. १९३४ साली त्या लाइपझिग येथे गेल्या आणि हायझेनबर्ग व त्यांचे तरुण सहकारी यांच्याशी त्यांनी चर्चा केली. १९३५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी काय दाखविले ते शाळेतल्या गणितानेही समजण्यासारखे आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो. निबंधाचा मुद्दा त्यांचा. चांदीच्या अणूचे आकडे समजण्याच्या सोयीसाठी मी घातले आहेत.

'वर' म्हणजे अधिक एक आणि 'खाली' म्हणजे उणे एक समजा. आडव्या चुंबकाचेही तसेच, उजवीकडे अधिक एक, डावीकडे उणे एक. आता चुंबक बरोबर मधल्या, म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या दिशेत ठेवा. तेथेही उत्तर अधिक एक किंवा उणे एकच येते. असंख्य अणूंवर प्रयोग करून सरासरी काढली तर एक नियम आढळतो: उभी सरासरी आणि आडवी सरासरी यांची बेरीज करून तिला १.४१४ ने भागले की तिरकी सरासरी मिळते. नियम खरा आहे, प्रयोगाला उतरतो. नॉयमन यांनी हाच नियम, लपलेल्या गोष्टी धरल्या तर, एकेका अणूलाही लागू पडला पाहिजे असे गृहीत धरले. मग हिशेब करा. एकेका अणूची उभी आणि आडवी उत्तरे मिळविली तर बेरीज दोन, शून्य किंवा उणे दोन येणार, १.४१४ ने भागले की १.४१४, शून्य किंवा उणे १.४१४. तिरके उत्तर तर एक किंवा उणे एकच असते. जमले नाही, म्हणून लपलेल्या गोष्टी अशक्य!

पण सरासरीचा नियम एकेकाला लावायचा अधिकार कोणी दिला? एखाद्या गावात दर कुटुंबामागे साडेपाच माणसे निघाली, म्हणून कोणत्याही घरात अर्धा माणूस शोधायला कोणी जात नाही. तिरका चुंबक म्हणजे उभ्या-आडव्या उत्तरांची बेरीज करणारे यंत्र नव्हे. तो तिसराच, स्वतंत्र प्रयोग आहे, आणि तिन्ही चुंबक एकाच अणूवर एकाच वेळी लावता येत नाहीत. हेरमान यांनी दाखविले की जे सिद्ध करायचे तेच नॉयमन यांनी गृहीतकात आधीच घालून ठेवले होते.

कोणी लक्ष दिले नाही. निबंध तत्त्वज्ञानाच्या एका लहानशा नियतकालिकात आला होता आणि लेखिकेकडे कोणत्याही विद्यापीठातील पदार्थविज्ञानाची खुर्ची नव्हती. शिवाय ती नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या गटातली. लवकरच त्यांना जर्मनी सोडावी लागली. डेन्मार्क आणि मग इंग्लंड येथे त्यांनी युद्धाची वर्षे काढली. युद्धानंतर ब्रेमेनला परतून त्यांनी शिक्षक तयार करण्याच्या कामाला वाहून घेतले. मुद्दा खरा असणे आणि तो ऐकला जाणे या दोन निराळ्या गोष्टी असतात, हे आपल्यापैकी अनेक पालकांना, विशेषतः मुलींच्या आईवडिलांना, नव्याने सांगायला नको.

१९३५ हे वर्ष इतर कारणांनीही गाजले. आइन्स्टाइन यांनी दोन सहकाऱ्यांसह असा युक्तिवाद केला की जोडीने जन्मलेल्या आणि एकमेकांपासून दूर गेलेल्या दोन कणांपैकी एकावर मोजमाप केले की दुसऱ्याचे उत्तर तत्काळ कळते. तेव्हा ते उत्तर तेथे आधीपासूनच असले पाहिजे. आपण पाहत नसताना चंद्र तेथे नसतो काय, असे त्यांनी पुढे एकदा फिरायला गेले असता तरुण सहकाऱ्याला विचारल्याचे प्रसिद्ध आहे. आकाशात ढग आले म्हणून चंद्र नाहीसा होत नाही, हे आपणही जाणतो. त्याच वर्षी श्रोडिंजर यांनी पेटीतल्या मांजराचे उदाहरण दिले, मोजेपर्यंत जिवंतही आणि मेलेलेही. ते मांजर आता चहाच्या कपांवरही छापतात. श्रोडिंजर यांनी मात्र ते या मताची हास्यास्पदता दाखविण्यासाठी आणले होते.

जे अशक्य ठरविले गेले होते ते १९५२ साली एकाने करून दाखविले. डेव्हिड बोम अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवीत. कम्युनिस्टांच्या शोधात असलेल्या संसदीय समितीपुढे त्यांनी १९४९ साली साक्ष देण्यास नकार दिला, त्यांना अटक झाली. न्यायालयाने निर्दोष सोडले तरी विद्यापीठाने नेमणूक पुढे चालविली नाही. ते ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे गेले, तेथे त्यांचा पासपोर्टही काढून घेण्यात आला. अशा स्थितीत त्यांचे दोन लेख प्रसिद्ध झाले. त्यांनी द ब्रॉली यांचीच सोडलेली कल्पना पुन्हा उचलून तडीस नेली होती. (याच बोम यांनी पुढे लंडनला असताना जे. कृष्णमूर्ती यांच्याशी दीर्घ संवाद केले, त्यामुळे आपल्याकडील काहींना त्यांचे नाव त्या मार्गाने ठाऊक असेल.)

बोम यांना आपला प्रश्न विचारू. ते म्हणतील: अणू सदैव एका निश्चित ठिकाणी असतो. त्याची लहर चुंबकात दुभंगते, एक भाग वर आणि एक खाली. अणू लहरीच्या वरच्या अर्ध्या भागात असेल तर वर जातो, खालच्या अर्ध्यात असेल तर खाली. काही कोसळत नाही. रिकामी राहिलेली लहर दूर निघून जाते आणि तिचा पुढे उपद्रव होत नाही, इतकेच. वाटते की मोजणे म्हणजे पाहणे ही आपली जुनी समजूत परत मिळाली! पण थांबा. चुंबकाची टोके उलटी करून ठेवली तर तोच अणू, त्याच जागेवरून निघून, वरच्याच वाटेने जातो. आणि उलट्या चुंबकात वरच्या वाटेला नाव मात्र 'खाली' असे द्यावे लागते. म्हणजे 'वरपण' हे अणूच्या अंगी नव्हतेच. ते अणू आणि चुंबक या दोघांनी मिळून त्या क्षणी घडविले. सर्व काही निश्चित मानणाऱ्या या रीतीतसुद्धा मोजमाप म्हणजे केवळ वाचन नव्हे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या बाबतीत बोर यांचे अगदीच चुकले होते असे म्हणता येत नाही.

बोम यांचे लेख वाचून ज्याची झोप उडाली तो तरुण म्हणजे जॉन बेल. बेलफास्टच्या साध्या घरातला हा मुलगा सोळाव्या वर्षी शाळा संपवून तेथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला आणि वर्षभराने त्याच विद्यापीठात विद्यार्थी झाला. पुढे जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत त्याची नोकरी होती. पुंजयामिकीच्या पायाचा विचार हा फावल्या वेळचा. बोम यांनी करून दाखविले असेल तर नॉयमन यांची सिद्धता चुकली कोठे? बेल यांनी स्वतंत्रपणे तीच खोट शोधून काढली जी हेरमान यांनी एकतीस वर्षांपूर्वी दाखविली होती. लेख १९६६ साली छापून आला. हेरमान यांचे नाव त्यात नाही.

त्याआधी १९६४ साली बेल यांनी आइन्स्टाइन यांच्या जोडकणांचा प्रश्न तराजूत घालण्याजोगा केला. दोन्ही कण उत्तरे आधीच लिहून घेऊन निघाले असतील आणि इकडच्या उपकरणाची खबर तिकडे पोहोचत नसेल, तर उत्तरांच्या मेळाची एक बेरीज २ च्या वर जाऊ शकत नाही. पुंजयामिकी म्हणते ती २.८३ पर्यंत जाईल. (२ ही मर्यादा या रूपात क्लॉसर आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली मांडली.) प्रयोग १९७२ साली फ्रीडमन आणि क्लॉसर यांनी अमेरिकेत केला, १९८२ साली अस्पे यांनी फ्रान्समध्ये अधिक कडक रीतीने केला, आणि २०१५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावर दोन उपकरणे ठेवून केला तेव्हा बेरीज आली २.४२. निसर्गाने पुंजयामिकीच्या बाजूने कौल दिला. क्लॉसर, अस्पे आणि त्सायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बेल तोवर हयात नव्हते, १९९० सालीच गेले. बोम यांची रीत मात्र यातून सुटते, कारण तिच्यातील लहर दूरच्या कणांनाही तत्क्षणी जोडून ठेवते. त्याची किंमत आइन्स्टाइन यांनी दिली नसती. त्यांना बोम यांचा उपाय स्वस्तातला वाटला होता.

ह्यू एव्हरेट यांनी १९५७ च्या आपल्या प्रबंधात याच्या उलट टोक गाठले. नॉयमन यांचा दुसरा बदल काढूनच टाका. लहर कधीच कोसळत नाही. अणू वरही गेला आणि खालीही गेला, काचेवर दोन्हीकडे ठिपके पडले, आणि पाहणाराही दोन प्रतींत विभागला. प्रत्येकाला वाटते आपल्याला एकच ठिपका दिसला. गणिताच्या दृष्टीने ही रीत सर्वांत स्वच्छ आहे. पण वर ठिपका पडण्याची शक्यता तीन चतुर्थांश असेल तेव्हा, दोन्ही प्रती खऱ्याच असताना, तीन चतुर्थांश म्हणजे काय? यावर वाद आहे. एव्हरेट १९५९ साली बोर यांना भेटायला गेले. दाद मिळाली नाही. ते आधीच शास्त्र सोडून अमेरिकेच्या संरक्षण खात्यात युद्धाचे हिशेब करू लागले होते.

रिचर्ड फाइनमन यांची १९४८ ची रीत या भांडणात फारशी पडत नाही, पण तिने एक गोष्ट उजेडात आणली. त्यांच्या रीतीत अणू ज्या ज्या वाटांनी जाऊ शकतो त्या सर्वांची बेरीज करायची. कोणत्या वाटेने गेला याची खूण जगात कोठेही राहिली नसेल तर आधी बेरीज, मग वर्ग. खूण राहिली असेल तर आधी वर्ग, मग बेरीज. आपले उजवे आणि डावे झोत जपून पुन्हा एकत्र आणले आणि मागे खूण उरली नाही, तर अणू पुन्हा सगळे वरच जातात! म्हणजे नुसता चुंबक लावणे हे मोजमाप नव्हे. खूण उमटणे हे मोजमाप होय. खूण पाहायला माणूस हवा असेही नाही. हवेचा एक कण धडकून गेला तरी पुरे. जर्मनीतील त्सेह यांनी १९७० साली हाच धागा धरला: मोठ्या वस्तूची खूण सभोवती इतक्या झपाट्याने पसरते की दोन्ही वाटांची सरमिसळ दिसूच शकत नाही. १९९६ साली पॅरिस येथे सेर्ज आरोश यांच्या गटाने काही थोड्या प्रकाशकणांवर ही सरमिसळ विरत जाताना प्रत्यक्ष पाहिली. मांजर दुहेरी का दिसत नाही याचे हे चांगले उत्तर आहे. दोहोंपैकी जिवंतच का सापडले, याचे नाही.

या विषयात आपल्या देशाचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उमेदवारी केलेले केरळचे ई. सी. जी. सुदर्शन यांनी बैद्यनाथ मिश्र यांच्यासह १९७७ साली दाखविले की बदलू पाहणाऱ्या अणूवर फार वरचेवर मोजमाप केले तर तो बदलतच नाही. दुधाकडे सतत पाहत राहिले तर ते उतू जात नाही, असे घरी म्हणतात ते येथे खरे निघाले. १९९० साली अमेरिकेत बेरिलियमच्या अणूंवर हा परिणाम प्रयोगाने दिसला. त्याच मुंबईच्या संस्थेतील एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनी १९९५ साली बोम यांच्या रीतीतील एक पक्षपात दूर केला: बोम कणाच्या जागेला मान देतात, वेगाला नाही, या दोघांनी दोहोंना सारखे वागविणारी मांडणी केली.

आतापर्यंतच्या सर्व रीतींचे आकडे एकच, म्हणून प्रयोगाने त्यांच्यात निवाडा होत नाही. एक रीत मात्र परीक्षेला बसायला तयार आहे. १९८६ साली गिरार्दी, रिमिनी आणि वेबर या तीन इटालियनांनी श्रोडिंजर यांचे समीकरणच किंचित बदलले. त्यांच्या मते प्रत्येक कणाची लहर आपोआप, कोणी मोजो वा न मोजो, अधूनमधून आकसते. पण फार क्वचित, सुमारे तीस कोटी वर्षांतून एकदा. एकटा अणू म्हणूनच लहरीसारखा वागतो. पण चिमूटभर काचेत एकावर तेवीस शून्ये इतके कण. तेथे हे दर सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा घडते, आणि एक आकसला की त्याच्याशी जखडलेले सारेच आकसतात. अणू काचेवर आदळला की निकाल लागतो तो यामुळे.

हे खरे असेल तर दोन गोष्टी दिसायला हव्यात. एक म्हणजे वस्तू मोठी होत गेली की कधीतरी तिचे लहरीसारखे वागणे थांबले पाहिजे. २०१९ साली व्हिएन्ना येथे सुमारे दोन हजार अणूंचे रेणू तपासले गेले. ते अजून लहरीसारखेच वागले. दुसरी गोष्ट म्हणजे या आकसण्यातून अत्यंत मंद क्षकिरण सुटले पाहिजेत. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली, चौदाशे मीटर खडकाच्या आड, जर्मेनियमचे एक संवेदक उपकरण ठेवून त्यांची वाट पाहण्यात आली. २०२० साली निकाल जाहीर झाला. अपेक्षेइतके किरण आले नाहीत, आणि गुरुत्वाकर्षणामुळे लहर आकसते असे मानणारा या जातीचा एक साधा प्रकार त्यामुळे बाद झाला. गिरार्दी आणि सहकाऱ्यांची मूळ मांडणी अजून टिकून आहे.